ताठ्याचा सॅल्यूट

बिगुलवाली बारा वर्षं पलटणीत फुंकत होती, पण कुणाचं वाईट व्हावं म्हणून तिने बिगुल कधी तोंडाला लावला नव्हता. ती पाळी तिच्यावर कॅप्टनने आणली. या कॅप्टनला माघारी सगळे ताठ्या म्हणत. हा माणूस झोपतोसुद्धा उभ्याने, बायको त्याला नुसती भिंतीला टेकवून ठेवते, असं मुदपाकखान्यात सगळ्यांचं ठाम मत होतं.

बिगुलवालीचं आणि दवाखान्यातल्या नर्सबाईचं सहा वर्षांचं गूळपीठ. फौजेत बाईने बाईवर जीव लावायची सोय नव्हती; बोभाटा झाला की नोकरी गेलीच. म्हणून दोघी इतक्या जपून राहायच्या, की एका टेबलावर जेवताना 'मीठ दे' याच्या पलीकडे एकमेकींशी बोलायच्या नाहीत. पण एकदा नर्सबाईची चिठ्ठी बिगुलाच्या पेटीत राहून गेली आणि तपासणीत ताठ्याच्या हाती लागली.

गपचूप कारवाई करील तर तो ताठ्या कसला. सकाळच्या हजेरीला त्याने ती तुकडीसमोर वाचली, नाकात बोलत, बाईचा आवाज काढून. 'तुझ्या मानेवरचा तीळ' असं आलं तिथे थांबला आणि तेवढं पुन्हा वाचलं. शंभर जण हसले. साहेब हसतोय म्हटल्यावर न हसून सांगतात कुणाला. सगळ्यात मोठ्यांदा हसला ताठ्याचा ड्रायव्हर, कारण त्याचं स्वतःचं कोठीवाल्याशी एकोणीस वर्षं गुपचूप चाललेलं, आणि भ्यालेला माणूस फार जोरात हसतो.

नर्सबाईला त्याच दुपारी एका बॅगेनिशी गेटबाहेर काढलं. ती बहिणीकडे गेली. बिगुलवालीचाही बडतर्फीचा कागद तयार होता, पण गुरुवारी जनरल यायचे होते आणि सलामीचा बिगुल वाजवणारं पलटणीत दुसरं कुणी नव्हतं.

"चार दिवस फुंक," ताठ्या म्हणाला, "मग चालती हो."

इथे ताठ्याने माती खाल्ली.

नियम असा, की सलामीचा बिगुल सुरू झाला की अफसरांचा हात कपाळाला जातो तो शेवटचा सूर थांबेपर्यंत खाली येत नाही. शिपायांनी नुसतं सावधान उभं राहायचं. सूर मिनिटभरात संपतो हे सगळ्यांना माहीत, त्यामुळे तो संपलाच पाहिजे असं लिहून ठेवायचं कुणाला सुचलं नव्हतं.

बिगुलवालीचे आजोबा वितळलेली काच फुंकून बाटल्या घडवायचे. गालात हवा धरायची, तेवढ्यात नाकाने आत ओढायची, फुंक तुटू द्यायची नाही, हे तिने पोरवयात शिकून ठेवलं होतं. चार दिवस ती धुण्याच्या जागेमागे बादलीत नळी बुडवून बुडबुडे काढत बसली. नर्सबाईची बॅग आठवली की फुंक आपोआप लांबायची. ड्रायव्हर तिथे आला, बुटांकडे बघत उभा राहिला. त्या दिवशी हसलो ते, असं काहीतरी पुटपुटला.

"गुरुवारी साहेबांना चहा जास्त पाज," ती म्हणाली.

त्याने पाच कप पाजले.

गुरुवारी जनरल आले, बिगुल वाजला, हात कपाळाला गेले. मिनिट झालं, पाच झाली. जनरल म्हातारे आणि हट्टी. त्यांना वाटलं आपल्यासाठी खास लांब सलामी बसवली आहे, मग ते कशाला आधी हात सोडतात. आणि जनरलच्या आधी हात खाली आणणं ताठ्याला मरणाहून वाईट. अर्धा तास झाला. सावल्या डावीकडच्या उजवीकडे गेल्या. एक कावळा ताठ्याच्या कोपरावर येऊन बसला, जागा आवडली, काड्या आणायला लागला. ताठ्याचा हात थरथरत होता, गुडघे एकमेकांना चिकटले होते, आणि ते हातामुळे नव्हे. त्याने दातांतून हुकूम सोडला, "बंद कर." बिगुलवालीने त्याच्याकडे सरळ बघत सूर चढवला. ओठ फुटून रक्त हनुवटीवर आलं होतं, पण नाक सुरू होतं.

सव्वा तासाने ताठ्या सगळ्या तुकडीसमोर बोलला, आणि आवाज बारीक झाला होता.

"बाई, पाया पडतो. पुरे."

हात पडला. त्याच क्षणी विजारीचा रंगही बदलला. तुकडी हसली, या वेळी मनापासून, आणि ड्रायव्हर तर खाली बसून हसला. तेव्हा कुठे तिने बिगुल खाली घेतला. जनरलनी ताठ्याकडे असं बघितलं, की महिन्याभरात तो बटणं मोजायच्या गोदामात बसला.

नोकरी वाचली नाही. कागद घेऊन ती गेटबाहेर पडली आणि संध्याकाळी नर्सबाईच्या बहिणीच्या दारात उभी राहिली, ओठ वांग्याएवढे सुजलेले, बोलता येईना. नर्सबाईने तिला स्टुलावर बसवून मलम लावलं. काय झालं, त्या ताठ्याचं काय केलंस, एवढंच विचारलं.

बिगुलवाली उठली. हात कपाळाला लावून ताठ उभी राहिली, थरथरली, गुडघे चिकटवले, हात धाडकन पाडला.

नर्सबाईने मलमाची डबी बाजूला ठेवली आणि खुर्ची पुढे ओढली.

"परत कर," ती म्हणाली. "आणि जरा सावकाश."