ओळखीची नको

सान्वी चार महिन्यांची झाली तेव्हापासून मी तिला घेऊन गॅलरीत जात नाही, हे घरात सगळ्यांच्या लक्षात आलं होतं. कारण कुणालाच माहीत नव्हतं. सासूबाई म्हणायच्या, वारं बाधेल म्हणून जपते पोरीला. सूरजला, माझ्या नवऱ्याला, वाटायचं की बाळंतपणानंतर मला उंचीची भीती वाटायला लागलीय. पूनम सागर सोसायटीतलं आमचं घर सातव्या मजल्यावर आहे. मी दोघांनाही हो म्हणायचे.

खरं कारण असं. सान्वी कडेवर असली आणि समोर कठडा दिसला की माझ्या डोळ्यांपुढे एक चित्र यायचं. माझे हात उघडतायत. बस, एवढंच. त्याच्या पुढचं दिसायच्या आत मी आत पळायचे आणि पलंगावर बसून तिला इतकी घट्ट धरायचे की ती रडायला लागायची. नंतर नंतर ते गॅलरी नसतानाही यायला लागलं. जिन्यात, आंघोळीच्या पाण्यापाशी, भाजी चिरताना. छाती धडधडायची, तळव्यांना घाम फुटायचा. मी सांगायचे, चक्कर येतेय. कारण जी आई असलं काही बघते, तिच्या हातात मूल कोण ठेवेल? हे तोंडातून निघालं की सान्वीला माझ्याकडून काढून घेणार, याची मला खात्री होती.

आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं, बीपी पाहिलं. सगळं ठीक. म्हणाले, ही एन्झायटी आहे, एखाद्या चांगल्या थेरपिस्टला भेटा. परत येताना रिक्षात सासूबाईंनी विचारलं, म्हणजे नेमकं काय गं? मी म्हटलं, टेन्शन.

"मग घेऊ नकोस ना," त्या म्हणाल्या. "हे तर मीही सांगितलं असतं. फुकटात."

सूरज मात्र कामाला लागला. त्याच्या ऑफिसच्या मेडिक्लेममध्ये आता काउन्सेलिंगही बसतं, फक्त त्यांच्या नेटवर्कमधल्या माणसाकडे जावं लागतं, एवढं त्याने शोधून काढलं. मग बाइकसाठी गॅरेज शोधावं तसा तो मोबाइल घेऊन बसला. घराजवळ हवी, रविवारी उघडी हवी, रेटिंग बरं हवं. मी हळूच विचारलं, तुझ्या ऑफिसात कळेल का रे? त्याने हेल्पलाइनला फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला. तिकडून मिनल नावाची मुलगी बोलत होती. तिने सांगितलं की कंपनीला कुणाचं नाव जात नाही. आणखी काही प्रेफरन्स आहे का मॅडमचा? मी सूरजच्या खांद्यावरून म्हटलं, लेडीज हवी. आणि मराठी. मनातलं बोलायचं तर मराठीतच बोलता येईल, असं मला वाटत होतं.

अशी एक मिळाली. भाईंदर पूर्वेला, जेसल पार्कमध्ये. मृणालिनी मॅडम.

डॉक्टरकडे एकटी कशी पाठवायची म्हणून सासूबाई बरोबर आल्या आणि सान्वीला घेऊन बाहेर बाकावर बसल्या. मी आत गेले. मॅडम पन्नाशीच्या, कॉटनची साडी, हसरा चेहरा. पाणी दिलं. मी मनात वाक्य घोळवत होते. मॅडम, मला एक चित्र दिसतं. एवढं म्हटलं की पुढचं येईल आपोआप.

"माहेर कुठलं तुमचं?" त्यांनी विचारलं. आपल्याकडे कुणीही विचारतं तसंच.

माहेर लालबाग. आणि सासर? संगमेश्वरकडचं. संगमेश्वरकडे कुठे? मी गाव सांगितलं, त्यांनी वाडी विचारली, मी वाडी सांगितली, आणि त्यांचा चेहरा उजळला. त्यांची धाकटी मावशी त्याच वाडीत दिलेली. आमच्या गावच्या घरापासून हाकेच्या अंतरावर. "म्हणजे तू महिपतकाकांची नातसून?" त्या म्हणाल्या. 'तुम्ही'ची मी 'तू' झाले आणि माझं वाक्य घशातच बसलं.

मग मी पुष्कळ बोलले. झोप होत नाही, जेवण जात नाही, सासूबाईंचे गुडघे दुखतात म्हणून घरात मलाच बघावं लागतं. एकदा तर आम्ही दोघी हसलोसुद्धा. चित्राबद्दल मी अवाक्षर काढलं नाही. मला मॅडमच्या मागे त्यांची मावशी दिसत होती, मावशीचं अंगण दिसत होतं, अंगणात बसलेल्या बायका दिसत होत्या.

बाहेर आल्यावर सासूबाईंना सगळं कळलं आणि त्या इतक्या खूश झाल्या की घरी पोचायच्या आधी गावी दोन फोन झाले. चक्करेची डॉक्टरीण म्हणे आपल्यातलीच निघाली. मी सान्वीला मांडीवर घेऊन बसले होते. हा शेवटचा दरवाजाही बंद झाला, असं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मृणालिनी मॅडमचा फोन आला.

"संचिता, काल माझी चूक झाली," त्या म्हणाल्या. "गाव विचारायला नको होतं मी. सवय गं, जात नाही. तू काहीतरी सांगायला आली होतीस आणि माझ्या मावशीचं नाव निघालं तसं ते गिळून टाकलंस. हो की नाही?"

मी फोन घेऊन आतल्या खोलीत गेले.

"मला सांगूच नकोस. पण कुणाला तरी सांग. सिल्व्हर पार्कला इशिता म्हणून आहे, गुजराती आहे, तुमच्याच नेटवर्कमध्ये आहे. मराठी मोडकंतोडकं येतं, पण तिला आपल्यातलं कुणी म्हणजे कुणी माहीत नाही. हेल्पलाइनला सांग, बदलून हवंय. कारण द्यावं लागत नाही."

मग म्हणाल्या, तुझ्याबद्दल माझ्याकडून कुणाला एक शब्द कळणार नाही, मावशीला तर नाहीच.

हेल्पलाइनला कारण द्यावं लागत नसेल, पण घरात द्यावं लागतं. सासूबाई दुखावल्या. इतकी गुणाची, ओळखीची बाई सोडून परक्या गुजरातणीकडे? आता तिच्या मावशीला काय तोंड दाखवू मी? सूरजही गोंधळला. त्या काही उलट बोलल्यात का, त्याने विचारलं. मी मान हलवली. मग का? मला रडूच आलं. सान्वीने माझं बघून ओठ काढला. सूरजने आमच्या दोघींकडे पाहिलं, फोन उचलला आणि मिनलला सांगितलं, थेरपिस्ट बदलून द्या. त्याने परत का म्हणून विचारलं नाही. त्या वेळी त्याला थँक यू म्हणायचंही मला सुचलं नाही, इतकी मी घाबरलेली होते.

सासूबाई रुसून घरीच राहिल्या, सूरज ड्यूटीवर, म्हणून सान्वीला घेऊनच मी सिल्व्हर पार्कला गेले. इशिता माझ्याच वयाची असेल, किंवा थोडी मोठी. नाव विचारलं, सान्वीचं विचारलं. आडनाव नाही, गाव नाही. ती मराठी बोलायला लागली आणि अडखळली, तेव्हा मीच म्हटलं, हिंदीत बोलूया. माझी हिंदी म्हणजे भाजीवाल्याशी आणि वॉचमनशी बोलायची. सान्वी इशिताच्या चष्म्याची साखळी ओढत होती, म्हणून तिने विचारून तिला मांडीवर घेतलं.

"आप के टाइम से," ती म्हणाली आणि गप्प बसली.

मग मी म्हटलं, "मेरे को दिखता है कि मेरे हाथ खुल गये."

मराठीत हे मी स्वतःशीसुद्धा कधी उच्चारलं नव्हतं. मराठीत मी सान्वीला सोनू म्हणते, बाय म्हणते, तिला अंगाई गाते. त्याच तोंडाने हे कसं म्हणणार होते? पण ही हिंदी माझ्या घरची नव्हती. तिच्यात मी कांदे-बटाटे घेतले होते, लिफ्ट बंद पडल्याची तक्रार केली होती. तिच्यात हेही मावलं. गॅलरी, जिना, सुरी, सगळं सांगितलं. व्याकरणाचे बारा वाजवत सांगितलं.

इशिताने मध्ये तोडलं नाही. नंतर काही प्रश्न विचारले, सरळ, आवाज न चढवता. कभी ऐसा करने का मन हुआ? नाही, मी म्हटलं, इतक्या जोरात की सान्वी दचकली. चित्र आलं की काय करता? पळते. हे आणखी कुणाला माहीत आहे? कुणालाच नाही.

"किस बात का डर है, बताने में?"

"बच्ची ले लेंगे."

तेव्हा ती उठली. माझ्याजवळ आली आणि सान्वीला माझ्या हातात दिलं.

"भूक लगी है इसको शायद," ती म्हणाली. "आप पिलाइये. मैं बोलती हूँ, आप सुनिये."

मी पदराखाली सान्वीला घेतलं. इशिता सांगत होती की असं चित्र खूप आयांना दिसतं, बहुतेक जणी कधीच सांगत नाहीत. ज्याची आपल्याला सगळ्यात जास्त काळजी, त्याच्याबद्दलच मन असलं भयंकर काहीतरी दाखवतं. विचार येणं वेगळं आणि तसं करायची इच्छा होणं वेगळं. हे बरं होतं, वेळ लागतो, लागलं तर औषधाचाही विचार करू. मला अर्धं ऐकू येत होतं. मी फक्त बघत होते की सगळं सांगून झाल्यावर, सगळं ऐकून झाल्यावर, हिने माझी मुलगी माझ्याच हातात दिलीय.

संध्याकाळी सूरज आला तेव्हा सासूबाई भजनाला गेल्या होत्या. मी त्याला मराठीत सांगितलं. एकदा बोलून झालेलं असल्यामुळे वाट थोडी रुळली होती, तरी दोनदा थांबावं लागलं. तो पायातले मोजे अर्धे काढून तसाच बसला होता.

"आत्ताही येतं का?" त्याने विचारलं. "आत्ता, ही मांडीवर असताना?"

खोटं बोलायचा मोह झाला. पण मी म्हटलं, हो. थोडं थोडं येतं.

त्याने सान्वीच्या डोक्यावरून हात फिरवला, मग माझ्याही. मोजे परत वर ओढले, बूट घातले, म्हणाला, दूध संपलंय बहुतेक, घेऊन येतो. दार लोटून घेतलं. सगळं ऐकून झाल्यावर त्याने घरात आम्हा दोघींनाच ठेवलं, मला आणि सान्वीला.

थोड्या वेळाने तिला कडेवर घेऊन मी फ्रिज उघडला. दुधाच्या दोन पिशव्या होत्या, एक तर फोडलेलीही नव्हती.