अठ्ठावीस कंबर

लग्नाच्या नवऱ्यानं ‘मावशी’ अशी हाक मारली तर बायकोनं हसावं की रडावं? कोट शिवणाऱ्या मास्तरांच्या बायकोनं पहिले आठ दिवस दोन्ही करून पाहिलं आणि मग निमूटपणे ‘ओ’ द्यायला सुरुवात केली.

मास्तर चौसष्ट वर्षांचे. गेल्या वर्षी ताप मेंदूत गेला. जीव वाचला, पण अडतीस वर्षं धुऊन निघाली. स्वतःच्या समजुतीप्रमाणे ते सव्वीस वर्षांचे होते, नुकतंच दुकान टाकलेले, बिनलग्नाचे. आरशात पाहून दचकायचे आणि पाच मिनिटांत दचकल्याचंही विसरायचे. घरात वावरणारी ही जाडशी, पिकल्या केसांची बाई कामाला ठेवलेली असणार, असं त्यांनी धरून चाललेलं. तिच्याशी वागायचे मात्र फार अदबीनं, आणि तिला नेमकं तेच झोंबायचं.

डॉक्टरीणबाईंनी तिला समजावलं होतं, “आठवण एका जागी अख्खी ठेवलेली नसते. चेहरा मेंदूच्या एका भागात, आवाज दुसऱ्या, वास तिसऱ्या. जीव लागला होता की भीती वाटली होती, त्याची खूण आणखी वेगळीकडे. हे सगळं जुळवणारा एक छोटासा भाग आत असतो, हिप्पोकॅम्पस. यांचा नेमका तोच बिघडलाय.”

“म्हणजे बाह्या एका गठ्ठ्यात, कॉलर दुसऱ्यात,” ती म्हणाली, “आणि खडूचे आकडे बघून जोडणारा कारागीरच गेला.”

“अगदी तसंच. फार जुन्या आठवणी पक्क्या शिवून झालेल्या, म्हणून त्या टिकल्या. हाताची सवय तर निराळ्याच भागात राहते, तिला धक्का नाही. त्यांना प्रश्न विचारू नका, कामाला लावा. एक तुकडा हाती लागला की कधी कधी बाकीचे ओढले जातात.”

‘कधी कधी’ एवढ्या दोन शब्दांवर तिनं वर्ष काढलं. लेकीचा धीर मात्र संपला. “आई, बाबांना तू काय आणि शेजारीण काय, सारखीच. त्यांची संस्थेत सोय करू, तू माझ्याकडे चल. शनिवारी न्यायला येते,” असं तिनं फोनवर सांगून टाकलं.

सोमवारी मास्तरीणबाईंनी पेटीतलं तपकिरी लोकरी कापड काढलं. यांनी ओळखलं तर राहायचं, नाही तर बॅग भरायची, हे मनाशी पक्कं केलं.

“मास्तर, मला कोट हवाय.”

मास्तर खुलले. टेप गळ्यात टाकून त्यांनी मापं सांगितली, तिनं वहीत लिहिली. कंबर छत्तीस. मग त्यांनी कापड अंथरलं, पट्टी न लावताच खडू फिरवला आणि कात्री चालवली. तिनं इतकी वर्षं यांच्या कोटांची काजं केली होती. नुसत्या नजरेनं तिला कळलं. कंबर अठ्ठावीस धरली होती.

“अहो, छत्तीस म्हणालात ना मघाशी! चांगल्या कापडाची वाट लावलीत!”

“छत्तीस?” त्यांनी वहीकडे परक्यासारखं पाहिलं. मापं घेतल्याचं केव्हाच विसरले होते. “नाही हो मावशी, हा त्या मुलीचा कोट. डावा खांदा अर्धा इंच उतरता आहे तिचा. पुस्तकांची पिशवी त्याच खांद्याला असते.”

बाईंनी टेबलाची कड घट्ट धरली. ग्रंथालयातली नोकरी सोडून तिला तीस वर्षं झाली होती.

“आवडते वाटतं?” तिनं आवाज सांभाळत विचारलं.

मास्तरांचे कान लाल झाले. “कुणाला बोलू नका हं.”

“आणि शिवणीत दोन्ही बाजूंना एवढं कापड कशाला सोडलंय? चांगलं दोन-दोन इंच! कोट फुगेल की.”

“फुगू दे.” ते टेबलावरून पुढे झुकून हळूच म्हणाले, “कधीतरी अंगानं भरेल ती. मग कोट उसवून घ्यायला कुठे जाईल? माझ्याकडेच यावं लागेल.”

लग्नाआधी यांनी शिवलेला तिचा पहिला कोट अगदी असाच कमरेत फुगायचा. ‘नवशिका होता, कापड कापता येत नव्हतं,’ म्हणून तिनं पाहुण्यारावळ्यांत किती वेळा यांची चेष्टा केली होती! हा गृहस्थ दर वेळी नुसता हसायचा. एकदा तोंड उघडलं असतं तर काय बिघडलं असतं? आता त्याच्या गळ्यात पडून भांडावं असं तिला वाटलं, आणि भांडणार कुणाशी, तो तर लग्नाआधीचा होता.

शुक्रवारपर्यंत कोट झाला. दर सकाळी मास्तर सगळं विसरायचे, पण कोट हातात दिला की काल सोडलेल्या टाक्यापासून पुढे शिवू लागायचे.

शनिवारी लेक आली, तेव्हा बाई कोट हातावर घेऊन रस्त्याकडच्या दारानं, गिऱ्हाइकासारखी दुकानात शिरत होती.

“मास्तर, हा कमरेत घट्ट होतोय.”

मास्तरांनी कोट उलटा केला. डाव्या खांद्यावरून अंगठा फिरवला आणि दाराकडे, तिच्या मागे, कुणी आहे का ते पाहिलं.

“तिनं पाठवलंय का तुम्हाला?”

“हो.”

“स्वतः नाही आली?”

“येईल. खूप यायचंय तिला.”

त्यांनी खडूची एक बारीक रेघ ओढली. “एकदम सगळं उसवायचं नाही. आज पाव इंच सोडतो. पुढच्या शनिवारी पुन्हा घेऊन ये म्हणावं.” मग जरा घुटमळून म्हणाले, “रागावली नाही ना माझ्यावर?”

“नाही हो,” बाई म्हणाली. तिच्या डोळ्यांतलं पाणी त्यांना दिसलं असावं, कारण त्यांनी पटकन स्टूल पुढे सरकवलं.

लेक दाराशी उभी राहून हे सगळं ऐकत होती. “आई,” ती हलक्या आवाजात म्हणाली, “बॅग?”

बाईंनी शिवणीतलं उरलेलं कापड बोटांनी चाचपून पाहिलं. बरंच होतं. मग ती स्टुलावर बसली आणि सुईत दोरा ओवायला लागली.