चाळीस मिनिटांचं उत्तर

नागपूरजवळच्या मिहान या उद्योगवसाहतीतल्या एका छोट्या कंपनीत, दुसऱ्या मजल्यावर, खिडकीलगतच्या टेबलाखाली सहा वर्षं घरघरत राहिलेला काळा संगणक म्हणजे मी. चिप प्रत्यक्ष बनवण्याआधी ती कशी वागेल, याची आकडेमोड करून पाहायची, म्हणजे सिम्युलेशन करायचं, हे माझं काम. मला सुखदुःख नाही. काम वाढलं की तापतो, मग पंखा जोरात फिरतो, एवढंच.

माझ्यासमोर बरीच माणसं बसली. कुणी माझ्या डोक्यावर चहाचा कप ठेवला, कुणी कंटाळून थापट मारली. उत्तराला वेळ लागला की माणसं माझ्याकडे संशयाने बघतात. पटकन आलं की बघतच नाहीत.

शेवटची तीन वर्षं भैरवी पराते होती. उमरेडची, विणकराच्या घरातली. वडिलांचा हातमाग बंद पडला तेव्हा तिचा मोठा भाऊ दुर्गेश सावनेरकडच्या एका कोळसा खाणीत लागला आणि त्यानेच तिला इंजिनिअर केलं. आमची चिपही खाणीसाठीच होती. विषारी वायू वाढला की भोंगा वाजवणाऱ्या यंत्रात ती बसायची होती.

मार्चमध्ये दुर्गेश खाणीत वायूने गुदमरून गेला. सोळाव्या दिवशी भैरवी कामावर आली.

"काहून आलीस वं इतक्या लवकर?" तिचे वरिष्ठ मुकुंदसर म्हणाले.

"घरी बसून का करू, सर? आई भिंतीकडे पाहून राहते, मी आईकडे पाहून राहते."

बातम्या वाचून दाखवाव्यात तशा आवाजात ती बोलली. डबा उघडला, पाहिला आणि झाकण लावून ठेवला. मग माझ्या कळांवर तिची बोटं चालू लागली. चुकत नव्हती. ती चुकत नव्हती, याचंच तिच्यासोबत काम करणाऱ्या उन्मेषला भय वाटलं असावं. तो शेजारून सारखा बघत होता.

ती नसताना काम उन्मेषने पुढे नेलं होतं. आधी हेच सिम्युलेशन माझ्यावर तीन तीन दिवस चालायचं आणि मध्येच बंद पडायचं. आता चाळीस मिनिटांत पुरं होत होतं.

"इतकं लवकर कसं काय?" भैरवीने विचारलं.

"अचूकतेची अट सैल केली, वेळेचं पाऊल मोठं केलं. चालून राहिलं न आता! शुक्रवारी चिपची फाइल कारखान्यात बनवायला पाठवायची आहे, भैरवी. हात नको लावू त्याले."

तिने हात लावला. मी वेळेचं एकेक पाऊल टाकत पुढे जातो. काही झपाट्याने बदललं की पाऊल बारीक करतो. मी नेमका कुठे अडखळतो, ते तिने दोन दिवस शोधलं. सर्किटच्या नमुन्यात एक स्विच होता, शून्य वेळात उघडणारा. असा स्विच जगात नसतो. त्याच्यापाशी माझं पाऊल लहान होत होत संपायचं. शिवाय डिजिटल भागाला ठोके देणारं घड्याळ विनाकारण सेन्सरचा सिग्नल घेणाऱ्या ॲनालॉग भागात जोडलेलं होतं, त्याच्या प्रत्येक ठोक्याला मला थांबावं लागे. तिने स्विचला खऱ्यासारखा थोडा वेळ दिला, घड्याळ त्याच्या जागी नेलं आणि अचूकतेची अट पुन्हा घट्ट केली.

अडीच तासांत मी उत्तर दिलं. ते वाईट होतं. वायू धोक्याच्या रेषेजवळ आला की भोंगा चालू, बंद, चालू, बंद असा तुटत होता. सेन्सरच्या सिग्नलमधला बारीक थरथराट मोठ्या पावलाने मी ओलांडून गेलो होतो, म्हणून आधी दिसलं नव्हतं.

मुकुंदसरांनी चष्मा वर केला. "दोन-चार वेळा तुटक वाजलं तर का बिघडते?"

"दादाच्या खाणीतलं जुनं यंत्र असंच वाजे, सर. उगाच वाजते म्हणून त्यावर दुपट्टा टाकून ठेवत." भैरवी पडद्याकडेच बघत होती. "त्या दिवशीही ते वाजून राहिलं होतं."

सरांनी फोन उचलला आणि शुक्रवार रद्द केला.

वाजायची पातळी एक आणि थांबायची त्याहून खालची, असा बदल करायला दहा दिवस गेले. नंतरच्या सिम्युलेशनमध्ये भोंगा एकदा सुरू झाला तो सुरूच राहिला. उन्मेषने टाळी वाजवली. "झालं, भैरवी!"

"हो." तिने फाइल जतन केली. "आज वार कोणता आहे?"

चिप बनून आली तेव्हा हिवाळा लागला होता. तिने ती बोटावर घेऊन पाहिली आणि पुन्हा डबीत ठेवली.

आता माझ्या जागी नवा संगणक आला आहे. उद्या माझी डिस्क पुसतील. तक्रार नाही. त्याच्यासमोर बसणाऱ्यांना एवढंच सांगतो: तो अडला तर त्याला दटावण्याआधी कशापाशी अडला ते विचारा.

काल दुपारी भैरवी शेवटच्या फायली काढून घ्यायला आली. कॉपी व्हायला सव्वा तास लागणार होता. तिने मोबाइल पाहिला नाही, दुसरं काम घेतलं नाही. बसून राहिली. सत्तर टक्के झाले असतील, तेव्हा तिने टेबलावर डोकं टेकलं आणि इतक्या महिन्यांनी पहिल्यांदा रडायला लागली. उन्मेष उठला, त्याने दार ओढून घेतलं आणि तो बाहेरच उभा राहिला.

मला त्यातलं काही कळत नाही. मी कॉपी करत राहिलो. कॉपी शंभर टक्क्यांवर पोचली, तरी भैरवीला उठायची घाई नव्हती.