जर-तरची वही

आमच्या घरात वाईट गोष्ट तोंडातून काढायची नाही, हा नियम माझा. लग्नानंतर दुसऱ्या वर्षी माझा नवरा बोरिवोये जेवताना म्हणाला, "गारा पडल्या तर मिरची गेलीच समजा." चौथ्या दिवशी गारा पडल्या. आमच्या सर्बियातल्या लेस्कोवाकच्या गावांत घरं मिरचीवरच चालतात; तिथे मिरची जाणं म्हणजे काय, ते सांगायला नको. तेव्हापासून जर-तर बंद. कुणाच्या तोंडून निसटलंच, तर लगेच लाकडावर तीनदा टकटक करायची. माझी मुलगी नेवेंका बोलायच्या आधी टकटक करायला शिकली.

ही नेवेंका निश शहरात रस्ते-पूल बांधणाऱ्या कंपनीत इंजिनियर आहे. मी चौथी पास, तेही मास्तरीण कंटाळली म्हणून. नदीवरचा नवा पूल कुणाच्या हाती द्यायचा, हे कंपनीत ठरत होतं. अट एकच: मोठी कामं सांभाळण्याची ती जगभर चालणारी परीक्षा पास हवी. बेलग्रेडचा एक जण टपून बसला होता. नेवेंकाने सहा महिने अभ्यास केला आणि नापास झाली.

ऑक्टोबरात ती पुस्तकांची पिशवी घेऊन घरी आली. नऊ दिवसांनी पुन्हा परीक्षा; मध्ये रविवारी आमच्या घराण्याचा सण, संत पेत्काची स्लावा. मी अंगणात चुलीवर चटणीसाठी मोठ्या लाल मिरच्या भाजत होते, धाकटी जाऊ पेर्सिदा त्यांची जळकी सालं सोलत होती.

"अडलीस कुठे?" मी विचारलं.

"जोखमीच्या प्रश्नांत. काम सुरू व्हायच्या आधी काय काय बिघडू शकतं ते सगळं लिहायचं. प्रत्येकापुढे एका माणसाचं नाव, आणि तसं झालंच तर त्याने काय करायचं ते."

पेर्सिदाने छातीवर क्रूस काढला. "अगं बाई! असलं लिहितात?"

"विचार बघू मला एक," मी म्हटलं.

नेवेंकाने वाचलं, "खडी पुरवणारा उशीर करेल अशी कुणकुण आहे. आधी काय कराल? नोंद करून उपाय ठरवाल, की उशीर झाल्यावर बघाल?"

"झाल्यावर बघू. उगाच कशाला ओढवून घ्यायचं?"

"मीही तेच उत्तर दिलं, आई. चूक." तिने पुस्तक मिटलं. "खरं सांगू? असा प्रश्न आला की हात आपोआप टेबलाखाली जायचा. टक टक टक. देखरेखीची बाई दोनदा येऊन दटावून गेली. तिला वाटलं, मी कुणाला तरी खुणा करतेय. टेबल तर लाकडाचंही नव्हतं. मग डोकंच चालेना."

पेर्सिदा मिरचीचे हात वर धरून खदखदून हसली. मी हसले नाही. पोरीला मीच नापास केलं होतं. हे मी कुणापुढे कबूल करणार नाही. इथे लिहिलं तेवढंच.

मी हात धुतले, एप्रनला पुसले. "वही काढ. रविवारी चाळीस माणसं जेवायला. लिही, काय काय बिघडेल."

"आई, तू?"

"मग काय तुझी काकू सांगणार? लिही. पाद्रीबाबांची गाडी बंद पडेल. डुकराचं मांस आतून कच्चं राहील. सणाचा पाव भट्टीत तडकेल. तुझा काका दुपारच्या आधीच पिऊन पडेल."

"जाऊबाई!" पेर्सिदा ओरडली.

"पडतोच की दर वर्षी. माणूस नेम, उचलणारा."

नेवेंका हसत लिहीत होती. माझी बोटं मात्र चुलीजवळच्या ओंडक्याकडे वळत होती. मी हाताची घडी घातली.

"आणि लिही, रविवारच्या आधी मी मेले."

तिचं पेन थांबलं. "हे नाही लिहिणार."

"पुलावर माणसं वर चढतील. त्यांच्याबद्दलही नाही लिहिणार? लिही. म्हातारी मेली. तुझा बाप गेल्यापासून पाद्रीबाबांबरोबर सणाचा पाव मी धरते; मग तो कोण धरेल? मेणबत्ती कोण लावेल?"

"कोण?"

"तू."

पेर्सिदाच्या हातातली मिरची टोपात पडली. "स्लावा मुलाकडे जाते! तुमच्या मागे माझा मुलगा मिलुतिन आहे ना!"

"तुझ्या मिलुतिनला मेणबत्तीचं कुठलं टोक पेटवतात ते कळत नाही. बोरिवोयेची मुलगी जिवंत आहे. लिही गं."

तिने लिहिलं. अक्षर जरा वाकडं आलं, पण लिहिलं. मग पुढचे सहा दिवस मी तिला एकही जर-तर सोडू दिला नाही. प्रश्न ती वाचायची, मी म्हणायचे, "आधी वहीत. मग माणसाचं नाव. मग उपाय." नेवेंका म्हणाली, तिच्या शिकवणीतले सरही एवढे छळत नव्हते.

रविवारी पाद्रीबाबांची गाडी खरंच बंद पडली.

"बघा, बोललात म्हणून झालं!" पेर्सिदा म्हणाली.

"ती गाडी मी तोंड उघडायच्या आधीपासून मोडकी आहे," मी म्हटलं. तोवर नेवेंकाने शेजाऱ्याला फोन करून त्याची गाडी तिकडे पाठवलीसुद्धा होती. पाहुण्यांना कळलंही नाही.

परीक्षेला मी तिच्याबरोबर निशला गेले. नको म्हणत होती, पण मी ऐकते कुणाचं? चार तास बाहेरच्या खुर्चीवर बसले. समोरचे तरुण नखं खात होते. एकाला मी म्हटलं, "बाळा, नखांनी पोट भरत नाही," आणि पिशवीतला पाव दिला.

दार उघडलं. नेवेंका बाहेर आली, चेहरा पांढराफटक. मग तिने कागद पुढे केला. इंग्रजीतलं मला काय कळणार? पण तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि दात दिसत होते. तेवढं मला वाचता येतं.

कागद घेऊन मी सरळ काउंटरवरच्या बाईपाशी गेले.

"मुली, यावर काय लिहिलंय? मोठ्याने वाच."

"उत्तीर्ण," ती म्हणाली.

"कोण उत्तीर्ण? नाव वाच, पूर्ण."

"आई, चल ना!" नेवेंका माझी बाही ओढत होती.

"नेवेंका बोरिवोये स्तोयिल्कोविच," बाईने वाचलं. खुर्च्यांवरच्या सगळ्यांनी माना वर केल्या.

"मागच्यांना ऐकू नाही गेलं," मी म्हटलं. "पुन्हा वाच."