नमिताबाईंचा बोलका लॅपटॉप

मित्रांनो, माझ्याकडे नुसते बघितलेत तर तुम्ही मला भंगारातच काढाल. मी एक म्हातारा लॅपटॉप आहे. पडद्याला तिरकी चीर गेली आहे, एका बाजूची बिजागरी सैल आहे आणि कळांच्या फटींत प्लास्टरची पांढरी भुकटी बसली आहे. तरीही रोह्याच्या एका शाळेत एका दुपारी चार मोठी माणसे श्वास रोखून माझ्याकडे कान देऊन बसली होती. ती दुपार कशी आली, तेच सांगतो.

कारखान्यातून खोक्यात बसून निघालो तो थेट पेणजवळच्या जोहे गावात आलो. तिथे नितेशचा गणपतीचा कारखाना होता. गिऱ्हाईक आले की तो मला उघडून मूर्तींचे फोटो दाखवी. लोक म्हणत, "डोळ्यांची आखणी काय सुरेख आहे!" स्तुती मूर्तीची असे, पण मीही मनातल्या मनात थोडी घेई. मग एकदा फळीवरचा साचा घसरून माझ्यावर पडला आणि पडदा फुटला. नितेशने दुसरा लॅपटॉप आणला. मी रंगाच्या डब्यांमागे धूळ खात पडलो.

तिथून मला उचलले ते दिनानाथ सरांनी. सर जन्मापासून अंध. पेणमध्ये आपल्याच घराच्या एका खोलीत ते अंध माणसांना संगणक शिकवीत.

"सर, याचा पडदा फुटलाय. काय उपेग नाय," नितेश म्हणाला.

"कळा चालतात? आवाज येतो?"

"व्हय, ते हाय."

"मग दे. पडदा घेऊन मला काय करायचंय?"

सरांनी माझ्यात पडद्यावरची अक्षरे मोठ्याने वाचून दाखवणारा प्रोग्राम घातला. स्क्रीन रीडर म्हणतात त्याला. त्या दिवशी मी पहिल्यांदा बोललो, आणि तेही मराठीत.

काही महिन्यांनी सरांकडे नमिताबाई आल्या. रोह्याजवळच्या वरसे गावात राहणाऱ्या, शाळेत मराठी शिकवणाऱ्या. काचबिंदूने त्यांची नजर दोन वर्षांत गेली होती. शाळेने त्यांचे वर्ग काढून घेतले होते. दिवसभर त्या शिक्षकांच्या खोलीत नुसत्या बसून असत. मुख्याध्यापक हैबतराव माणूस वाईट नव्हता. पण एक दिवस ते म्हणाले, "बाई, पेपर काढायचा, तपासायचा, हे आता कसं जमणार? सन्मानाने निवृत्ती घ्या." नमिताबाईंनी सहामाहीपर्यंतची मुदत मागितली. आठवीची मराठीची प्रश्नपत्रिका मी स्वतः, कुणाच्याही मदतीशिवाय तयार करून देईन, नाही जमले तर राजीनामा देईन, असे त्या बोलून बसल्या होत्या.

सरांनी त्यांना मोठमोठे प्रोग्राम शिकवलेच नाहीत. साध्या नोटपॅडपासून सुरुवात केली. त्यात ना रंग, ना चित्रे, फक्त अक्षरे. एफ आणि जे या कळांवरच्या बारीक उंचवट्यांवर त्यांची बोटे ठेवून सर म्हणाले, "हे तुमचं घर. भरकटलात की इथे परत यायचं." बाण दाबला की मी एक अक्षर वाचे, कंट्रोलसह दाबला की एक शब्द. कोऱ्या ओळीवर मी "रिकामं" म्हणे. सुरुवातीला तो शब्द ऐकला की त्यांच्या बोटांना घाम फुटे. लिहिलेले सगळे गेले असे त्यांना वाटे. खरे तर त्या एकच ओळ खाली उतरलेल्या असत. शाळेतून आणलेल्या जुन्या प्रश्नपत्रिका मला वाचताच आल्या नाहीत. त्या कुठल्याशा जुन्या फाँटमध्ये होत्या. पाहणाऱ्याला त्या मराठी दिसत, मला मात्र आत इंग्रजी अक्षरांचा काला सापडे. अक्षरे साठवायची पद्धत, म्हणजे एन्कोडिंग, वेगळी असली की असे होते आणि आपली मराठी यूटीएफ-८ मध्ये असते, हे सरांनी तेव्हाच बाईंना समजावले. मग नमिताबाईंनी सगळी प्रश्नपत्रिका स्वतःच्या डोक्यातून लिहिली. पुन्हा पुन्हा ऐकून एकेक वेलांटी नीट केली. सरावासाठी सरांनी मला त्यांच्या घरी दिले होते, त्यामुळे हे सगळे मी जवळून ऐकत होतो.

त्यांचे यजमान विराज कंपनीत शिफ्टला जात. बायकोवर जीव होता, पण धीर नव्हता. ती एखादी गोष्ट शोधू लागली की हे माउस ओढून घेत. "थांब, मी करतो." क्षणात खिडकी बदले, माझे वाचन भलतीकडे जाई आणि नमिताबाई वाट चुकल्यासारख्या बसून राहत.

प्रश्नपत्रिका द्यायला दोन दिवस उरले असताना विराज मला गुपचूप बाजारातल्या एका दुकानात घेऊन गेले. माझी जुनी सिस्टिम काढून नवी घातली गेली. संध्याकाळी त्यांनी मला टेबलावर ठेवले. "हळू चालतो म्हणत होतीस ना? आता बघ."

नमिताबाईंनी कळ दाबली. मी सुरू झालो. पंखा फिरला, पडदा उजळला, पण माझ्या तोंडून शब्द फुटेना. माझा आवाज पुसला गेला होता. त्यांनी कान जवळ आणला, तळहात माझ्या कुशीला लावून ऊब पाहिली. पुन्हा कळ दाबली. मी आत जागा होतो आणि त्यांना ते सांगू शकत नव्हतो.

त्यांनी दिनानाथ सरांना फोन लावला. सर म्हणाले, "घाबरू नका. विंडोजचं बटण, कंट्रोल आणि एंटर एकदम दाबा. सिस्टिमचा स्वतःचा एक वाचक असतो."

तो बोलला, पण इंग्रजीत. मराठी अक्षरे आली की गप्प होई. त्याच्याच आधाराने त्यांनी एकेक फोल्डर उघडून पाहिला. कुठेच काही नव्हते.

"विराज, जुन्या फाईल कुठे ठेवल्यास?"

"जुनं सगळं पुसून घेतलं. म्हणून तर एवढा जलद झालाय." ते थबकले. "तुझं काही होतं का त्यात?"

"प्रश्नपत्रिका होती."

मग विराज हळूच म्हणाले, "तू सांग, मी टाइप करून देतो. तासाभराचं काम आहे. कुणाला कळायचं पण नाय."

"मला कळेल ना," नमिताबाई म्हणाल्या. "आणि मग पुढच्या पेपरला काय करू?"

दुसऱ्या दिवशी विराज रजा टाकायला तयार होते. बाईंनी नको म्हटले. पांढरी काठी एका हातात, मी पिशवीत पोटाशी धरलेला, अशा त्या एकट्या पेणच्या एसटीत चढल्या. एकटीने त्या मार्गावर जायची ती त्यांची पहिलीच वेळ. वडखळला गाडी अडकली ती अडकलीच. हॉर्न, ट्रकांची घरघर, शेजारणीचे प्रश्न. बाई ओठांतल्या ओठांत पुटपुटत होत्या. मला वाटले स्तोत्र म्हणताहेत. नीट ऐकले तर ती प्रश्नपत्रिका होती. विसरू नये म्हणून त्या प्रश्न घोकत होत्या.

पेण स्थानकात उतरून त्यांनी सरांना फोन केला. "सर, मी चौकशीच्या खिडकीपाशी आहे."

"मीही तिथेच आहे," सरांचा आवाज फोनमधून आणि बाजूने, दोन्हीकडून आला. त्या सकाळी बाई पहिल्यांदा हसल्या.

सरांनी पेनड्राइव्हवरून स्क्रीन रीडर पुन्हा घातला. मी माझ्या मराठी आवाजात "डेस्कटॉप" म्हणालो आणि बाईंनी डोळे पुसले. मग सर शेजारच्या खुर्चीवर बसले आणि एकदाही मध्ये बोलले नाहीत. बाईंनी सगळी प्रश्नपत्रिका नव्याने लिहिली. कुठे प्रश्न आठवेना, तेव्हा उठून खोलीत फेऱ्या मारल्या. दोन प्रश्न आधीपेक्षा चांगले उतरले, असे मला वाटले.

आणि मग ती शाळेतली दुपार. कार्यालयात हैबतराव, लिपिक अनिता आणि परीक्षेचे काम पाहणारे दोन शिक्षक बसले होते. अनिताने बाईंनी आणलेला पेनड्राइव्ह कार्यालयातल्या संगणकाला लावून फाईल उघडली. ती काहीच बोलेना.

"काय झालं गो?" बाईंनी विचारले.

"बाई, यात मराठी नाय हो. नुसत्या चित्रविचित्र खुणा दिसतायत. शेवटपर्यंत."

हैबतरावांनी वाकून पडदा पाहिला. मोठा सुस्कारा टाकून ते म्हणाले, "जाऊ द्या बाई. प्रयत्न केलात, हेच पुष्कळ."

क्षणभर बाईंनी खुर्चीचा हात घट्ट धरला. त्यांना दिसत नव्हते, त्यामुळे समोरचे नाकारायला पुरावाही नव्हता. मग त्यांनी मला पिशवीतून काढले. "सर, एक मिनिट. माझ्याकडे आहे ती ऐका."

त्यांनी बाण दाबला. मी वाचू लागलो. "प्रश्न पहिला. खालील उताऱ्यावर आधारित प्रश्नांची उत्तरे लिहा." कुणी हलेना. मी पुढे वाचत राहिलो. पंखा घरघरत होता, पण एकही शब्द अडखळला नाही. चौथ्या प्रश्नाला बाईंनी मला थांबवले.

"अनिता, फाईल बिघडलेली नाही. तुमचा संगणक ती जुन्या पद्धतीने उघडतोय. पुन्हा उघड, आणि उघडताना खाली एन्कोडिंग विचारेल तिथे यूटीएफ-८ घे."

अनिताच्या माउसचे दोनतीन टकटक आवाज झाले. मग अनिता हलक्या आवाजात म्हणाली, "आली. सगळी आली, बाई."

हैबतरावांनी छापून आलेले कागद उभ्यानेच वाचले. फार वेळ लावला त्यांनी. शेवटी चष्मा काढला. "तिसऱ्या प्रश्नातला व्याकरणाचा भाग मुलांना जड जाईल."

"जाईल थोडा," बाई म्हणाल्या. "वर्गात करून घेईन."

"करून घ्या तर मग. आठवी अ सोमवारपासून तुमच्याकडे. वार्षिकपर्यंत बघू."

संध्याकाळी वरशाला विराज दारातच उभे होते. बाईंनी मला टेबलावर उघडले. विराजांचा हात सवयीने माउसकडे गेला आणि वाटेतच थांबला. "मी काय करू, सांग," ते म्हणाले. "चहा टाक," बाई म्हणाल्या.

मित्रांनो, आता मी लवकर तापतो आणि दमतो. नमिताबाईंकडे दुसरा लॅपटॉप आला आहे. मी पुन्हा पेणला सरांच्या खोलीत आहे आणि सगुणा नावाची मुलगी सध्या माझ्यावर शिकते आहे. तिच्या वतीने तुमच्याकडे एवढेच मागतो. मदतीला अवश्य या, पण दुसऱ्याच्या यंत्राला हात लावण्याआधी त्याला विचारा, आणि त्याचे उत्तर पुरते ऐकून घ्या. तुम्हाला जे जुने, हळू आणि निरुपयोगी वाटते, त्यात कुणाचे महिनोन्महिने राबून लिहिलेले काही असू शकते. ते पुसायला मात्र एक कळ पुरते.