हात बाहेर

आमच्या ह्यांना दुसऱ्याने केलेलं बघवत नाही. वाईट केलेलं बघवत नाही असं नव्हे, केलेलंच बघवत नाही. मी टेबलावर कापड अंथरलं की हे मागून येऊन त्याचं टोक ओढणार. मी घडी करून ठेवलेले कपडे पुन्हा उलगडून घडी घालणार. विचारलं तर म्हणणार, "काही नाही गं, थोडंसंच." आमच्या संसारात जे काही बिघडलं ते थोडंसंच करता करता बिघडलेलं आहे.

बाहेरच्या खोलीत भिंतीवर एक मांजर आहे. लेकीने लहानपणी काढलेलं. मांजर तिचं, शेपटी ह्यांची. तिची शेपटी म्हणे खराट्यासारखी झाली होती, म्हणून ह्यांनी ती खोडून झोकदार नवी काढली आणि हौसेने चौकट करून आणली. येणारेजाणारे शेपटीचंच कौतुक करतात. लेकीने त्यानंतर कागदाला पेन्सिल लावली नाही. आता ती चष्म्याच्या दुकानात लोकांची नजर तपासते आणि घरी असली की त्या भिंतीकडे पाठ करून बसते. ह्यांच्या मते तिला चित्रकलेची आवडच नव्हती.

असा हा माणूस प्राथमिक शाळेत चित्रकला शिकवतो.

मागच्या वर्षी प्रदर्शनात तिसरीच्या मुलांचे घोडे लावले होते. पालकांमध्ये एक दातांचे डॉक्टर होते. ते पाठीमागे हात बांधून एकेका घोड्यापुढे थांबत गेले आणि शेवटी सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणाले, "मुलं वेगवेगळी आहेत, पण गुडघे सगळे एकाच माणसाचे दिसतात."

दुसऱ्या दिवशी मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, ह्यांना खोलीत बोलावलं. "सर, पुढच्या वर्षी पालकांना मुलांचं काम दिसलं पाहिजे. तुमचं नको. नाहीतर चित्रकलेचा तास बंद करून गणिताला देईन, तुम्ही ग्रंथालय सांभाळा."

त्या शाळेचं ग्रंथालय म्हणजे जिन्याखालचं एक कपाट. हे घरी आले ते तोंड एवढंसं करून. मला वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. रंग आणि माती सोडली तर ह्या माणसाला दुसरं काही येत नाही, साधं बिल भरता येत नाही. आणि संतापही आला, कारण डॉक्टर खरं तेच बोलले होते.

महिनाभर घुम्यासारखे बसल्यावर एक दिवस हे एकदम उजळले. "ठरलं. यंदा स्टॉप मोशन."

"ते काय असतं?"

"मातीचा पुतळा करायचा. त्याचा फोटो काढायचा. पुतळा केसभर हलवायचा, हात बाजूला घ्यायचा, परत फोटो. असे ढीगभर फोटो भरभर दाखवले की पुतळा आपला आपण चालायला लागतो."

"आणि हलवणाऱ्याचा हात?"

"तो दिसता कामा नये. पहिला नियमच तो."

जगात इतक्या कला असताना ह्यांनी नेमकी हात न दिसणारी कला शोधून काढली होती, आणि तीही इतक्या निरागस चेहऱ्याने की मला हसूसुद्धा येईना.

कामाला सुरुवात झाली तशी घरातली एकेक वस्तू शाळेत जाऊ लागली. आधी माझा टेबलावरचा दिवा, मग पोळपाट, मग शिवणाच्या डब्यातली पिवळी टेप. एकदा हे चष्मा विसरून गेले, तो द्यायला म्हणून मी मुद्दाम वर्गात गेले. माझा दिवा काय करतो ते बघायचं होतं.

खिडक्यांना काळे कागद लावलेले होते, कारण ऊन हललं की फोटो बिघडतो. टेबलावर माझ्या पोळपाटावर एक निळा हत्ती उभा होता आणि त्याच्यापुढे एक छोटी खुर्ची. गोष्ट मुलांनीच रचलेली. हत्तीला बसायचं असतं आणि खुर्ची पळून जाते. का पळते, तर तिला चार पाय आहेत म्हणून. ह्यांना हत्ती राखाडी हवा होता, पण मुलांनी ऐकलं नव्हतं. कॅमेरा चिकटपट्टीने जखडून टाकलेला होता आणि बटणावर बोट ठेवून एक दोन वेण्यांची मुलगी बसली होती. तिला सगळे बटणवालीच म्हणत.

हे ओरडले, "हात बाहेर!" सगळ्या वर्गाने दोन्ही हात वर केले. ज्यांचा टेबलाशी काही संबंध नव्हता त्यांनीही केले. पण बटणवालीला दम नव्हता. हात निघायच्या आत तिचं बोट दाबलं जायचं, आणि फोटोत कोणाचं तरी मनगट यायचं.

"टाकला का तो?" हे विचारायचे.

"'रद्द'मध्ये टाकला, सर."

कारण आमचे हे काही फेकून देत नाहीत. संगणकावरसुद्धा त्यांनी वाया गेलेल्या फोटोंसाठी 'रद्द' नावाची जागा करून ठेवली होती. घरी आमच्या माळ्यावर आहे तशीच.

मी निघाले तर एका मुलाने माझी ओढणी धरली. "काकू, सरांना सांगा ना. आम्ही सोंड वाकडी करून घरी जातो, आणि सकाळी येऊन बघतो तर ती सरळ झालेली असते. झाडणाऱ्या मावशींचा धक्का लागतो रोज."

मी ह्यांच्याकडे पाहिलं. ह्यांनी खिडकीकडे पाहिलं. तिथे काळा कागद होता.

"मावशींना सांगतो हं मी," हे म्हणाले.

त्या संध्याकाळी हे नेहमीसारखे उशिराच आले. शाळा सुटल्यावर आवरायला थांबावं लागतं म्हणे. जेवताना मी ह्यांच्या नखांकडे बघत होते. नखांत निळी माती होती.

"मोठ्या बाईंना कळलं तर?" मी म्हणाले.

"काय कळायचंय? सोंड थोडीशीच सरळ करतो आणि त्या सरळ सोंडेचे चार फोटो घेतो. नाहीतर हत्ती आजारी दिसतो गं! आणि हात आलेले फोटो मी 'रद्द'मध्ये टाकतो, त्यामुळे कोणाचा हात लागला ते काही दिसत नाही."

मी कपाळाला हात लावला. तास जाणार, ह्याबद्दल मला आता तिळमात्र शंका उरली नाही.

कार्यक्रमाच्या दिवशी सभागृह भरलं होतं. मी लेकीलाही ओढत नेलं होतं. दिवे गेले, पडद्यावर निळा हत्ती आला आणि खुर्ची पळायला लागली. खरं सांगते, मी सगळं विसरले. खुर्ची टेबलाच्या कडेपर्यंत जाऊन खाली डोकावते तेव्हा पुढच्या रांगेतली एक आजी "अगंबाई, पडेल!" म्हणून ओरडली. आणि हत्तीची सोंड! ती सारखी डुलत होती, इकडून तिकडे, तिकडून इकडे, जणू तो चालता चालता काही आठवतोय.

टाळ्या थांबल्या तसे दातांचे डॉक्टर उभे राहिले. मी त्यांची वाटच बघत होते.

"उत्तम आहे," ते म्हणाले. "पण ती सोंड काय जिवंत हलते! हे आठ वर्षांच्या मुलांनी केलं?"

मोठ्या बाई वळल्या. "सर?"

हे उभे राहिले. "मुलांनीच. म्हणजे... मी फक्त... मुलांनीच." कपाळावर घाम आला होता. लेकीने माझा हात घट्ट धरला. एवढा राग असूनही धरला.

तेवढ्यात बटणवाली संगणकाजवळून म्हणाली, "आमचे हात बघायचेत का? सगळे ठेवलेत मी."

हे तिच्याकडे धावले, पण बटणाच्या बाबतीत तिला आजवर कोणी गाठलेलं नव्हतं. 'रद्द' उघडलं. जसे काढले त्याच क्रमाने सगळे टाकाऊ फोटो पडद्यावर पळायला लागले.

हातच हात! शाईचे डाग पडलेले, कुरतडलेल्या नखांचे, एका बोटाला पट्टी बांधलेले. हत्तीचा कान पडला, चार हात त्याच्यावर झेपावले. एक अख्खं नाक येऊन गेलं. "ती पट्टी आमच्या धाकटीची!" एक आई ओरडली. मग काय, सगळेच आपापल्या पोराचे हात ओळखायला लागले. हसून हसून सभागृह लोळायचं बाकी होतं. ह्यांचा तास वाचला होता.

आणि मग पडद्यावरचे छोटे हात नाहीसे झाले. एक मोठा हात आला. केसाळ, मनगटावर घड्याळ. ते घड्याळ मी घेऊन दिलेलं आहे. त्या हाताने दोन बोटांनी हळूच हत्तीची सोंड सरळ केली. लगेच छोटे हात आले आणि त्यांनी ती वाकडी केली. परत मोठा हात. परत छोटे. मोठा, छोटे, मोठा, छोटे. हसू विरत गेलं.

"सर, तुम्ही होतात?" ओढणी धरणारा तो मुलगा म्हणाला. "मावशी नव्हत्या?"

दारात झाडणाऱ्या मावशी हाताची घडी घालून उभ्या होत्या. "मी त्या टेबलाच्या आसपास फिरकत नाही, हे केव्हाची सांगतेय," त्या म्हणाल्या.

मला तिथून उठून घरी जावंसं वाटलं, आणि त्याच वेळी ह्यांच्या शेजारी जाऊन उभं राहावंसंही वाटलं.

"म्हणजे ती सोंड डुलत नव्हती," डॉक्टर सावकाश म्हणाले. "भांडण चाललं होतं."

मोठ्या बाई बटणवालीकडे वळल्या. "सरांनी केलेलं तुम्ही रोज मोडत होतात?"

"मोडत नव्हतो, नीट करत होतो," बटणवाली म्हणाली. "आमच्या हत्तीची सोंड वाकडीच आहे. त्याला सर्दी झालीय."

आधी डॉक्टर हसले, मग मोठ्या बाई. डोळे पुसत त्या म्हणाल्या, "मुलं शिकलीत, ते दिसलं. सरांचं शिकणं बाकी आहे. तेवढ्यासाठी तरी तास ठेवावा लागेल."

तेव्हा बटणवाली ह्यांच्याकडे बघून ओरडली, "सर, हात बाहेर!" आणि पाठोपाठ अख्खा वर्ग. आमच्या ह्यांनी सगळ्या सभागृहासमोर दोन्ही हात वर केले.

घरात शिरल्यावर लेकीने चपलाही काढल्या नाहीत. सरळ भिंतीपाशी गेली, चौकट उतरवली, मागचे खिळे सोडवून मांजर बाहेर काढलं. ह्यांच्या खिशातली पेन्सिल आणि खोडरबर न विचारता घेतलं, आणि टेबलाशी बसून ती झोकदार शेपटी खोडून टाकली.

नवी शेपटी काढायला तिला खूप वेळ लागला. इतक्या वर्षांत हात वळेनासा झाला होता. हे समोर बसून बघत होते. पेन्सिल अडखळली की ह्यांचा खांदा हलायचा. एकदा म्हणाले, "थोडंसं..." आणि थांबले.

शेपटी खराट्यासारखीच झाली. लेकीने चित्र वर धरलं. "कशी आहे, बाबा?"

ह्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि दोन्ही हात मांडीखाली दाबलेले होते. "तुझीच आहे," हे म्हणाले.