रविवारी साडेतीनला

आठवड्यातले सहा दिवस त्या वृद्धाश्रमात दुपारी दोनला डायपर बदलायचे. रविवारी मात्र साडेतीनला. का, तर चारला भेटायला माणसं येतात. दोनला बदललं आणि तीनला कोणी पुन्हा भरून ठेवलं, तर चारला येणाऱ्या लेकासुनांच्या नाकाला त्रास नको! माणशी दिवसाला तीन डायपर, चौथा मागायचा नाही, कपाटाची किल्ली ऑफिसात. म्हणून सकाळी सहाला बांधलेलं साडेतीनपर्यंत तसंच अंगाला. साडेनऊ तास. म्हणजे ज्या दिवशी घरची माणसं यायची त्याच दिवशी म्हाताऱ्यांचे सगळ्यांत जास्त हाल, आणि तेही घरच्यांसाठीच! हा नियम ज्याच्या डोक्यातून निघाला त्याला एक दिवस तसंच बांधून खुर्चीत बसवायला हवं होतं. पण असल्या डोक्यांना कोण हात लावणार?

तिथे काम करणाऱ्या दोन बायकांपैकी एकीला सगळे मावशी म्हणत. मावशी पन्नाशीची, अकरा वर्षं हेच काम करत होती. गू-मूत काढताना तिच्या कपाळावर कधी आठी पडली नाही. "आपलंही कोणीतरी काढलंच होतं की," म्हणायची, आणि हात धुऊन त्याच हाताने डबा खायची. तिला किळस यायची ती फवाऱ्याची. फवारा म्हणजे आश्रमाचे व्यवस्थापक. हे नाव या दोघी बायकांनीच ठेवलेलं. कारण त्यांच्या हातात कायम सुगंधाची बाटली. रविवारी पावणेचारला ते एकेका खोलीत जाऊन फुसफुस करत फिरायचे आणि म्हणायचे, "वा, कसं प्रसन्न वाटतंय!" तो गोड, चिकट वास घशात बसला की मावशीला मळमळायचं.

सहा नंबरच्या खोलीत मेट्रनबाई होत्या. वय ब्याऐंशी. तीस वर्षं इस्पितळात नोकरी, शेवटची दहा मेट्रन म्हणून. आता कंबरेखाली सगळं बधिर, पण वरचा मजला ठणठणीत. मावशीला त्या म्हणायच्या, "तुझ्यापेक्षा तीस वर्षांनी मोठी मी, आणि मावशी म्हणते तुला. काय वेळ आलीय बघ." आणि मनापासून हसायच्या.

त्या रविवारी सकाळी सहाला मावशीने त्यांना कुशीवर वळवलं, तेव्हा मात्र त्या हसल्या नाहीत.

"केवढी झाली?" त्यांनी भिंतीकडे तोंड करून विचारलं.

माकडहाडावरची जखम. महिन्यापूर्वी नुसता लाल डाग होता.

"लिंबाएवढी," मावशी म्हणाली.

"गेल्या रविवारी बटणाएवढी होती म्हणालीस. कडा कशा आहेत?"

"काळ्या."

"वास?"

मावशी पावडरचा डबा शोधायला लागली.

"अगं बोल की! माझं आयुष्य वॉर्डात गेलंय. मला काय फसवतेस?"

"येतोय."

मेट्रनबाईंनी डोळे मिटले. "मला दुखत नाही ना, तेच वाईट आहे. दुखलं असतं तर ओरडून आश्रम डोक्यावर घेतला असता. हे आता हाडाकडे निघालंय, मावशी. हाडाला लागलं की ताप, आणि तापानंतर मी नाही. अजून वेळ आहे. कोरडं ठेवायला हवं, दर दोन तासांनी कूस बदलायला हवी आणि रोज डॉक्टरने बघायला हवं. इथे यातलं काय होणार?"

काहीच होणार नव्हतं. बावीस खाटा आणि बायका दोन. डॉक्टर महिन्यातून एकदा यायचा आणि दारातूनच "कसं काय आजी?" म्हणून जायचा.

"दादांना सांगा ना," मावशी म्हणाली. दादा म्हणजे त्यांचा एकुलता एक मुलगा. दर रविवारी चारच्या ठोक्याला हजर. सफरचंदं आणायचा, पाया पडायचा, निघताना डोळे पुसायचा. वाईट कोण म्हणेल त्याला?

"दोनदा सांगितलं. त्याने जाऊन फवाऱ्याला विचारलं. फवारा म्हणाला, या वयात भास होतात, आणि माझ्या देखत त्याला म्हणाला, बघा ना, किती स्वच्छ ठेवलंय! आणि खरंच स्वच्छ होते मी. अर्ध्या तासापूर्वी बदललेली, पावडर लावलेली. त्याला बागेचा वास आला. आईचं खोटं वाटलं." त्यांनी मान वळवली. "मावशी, आज साडेतीनला मला बदलू नकोस. चारला त्याला येऊ दे. मी जशी असते तशी त्याला दिसू दे. पोटचा पोर आहे, एकदा बघितलं की उचलून नेईल."

"आणि माझी नोकरी?"

"ते खरं आहे. नाही म्हणालीस तरी मी राग धरणार नाही."

मावशीने विषय टाळला. घरी अंथरुणाला खिळलेली सासू होती. नोकरीशिवाय भागणार नव्हतं. नसत्या भानगडीत कशाला पडा, असं स्वतःला बजावत तिने दुपारपर्यंत काम रेटलं. साडेतीनला ती नेहमीसारखी एका टोकाकडून सुरू झाली. सहा नंबरला पोचली तर फवारा आज आधीच तिथे. चादर वर करून बघायचीही तसदी नाही. दारातून नाक मुरडलं, आत येऊन थेट मेट्रनबाईंच्या अंगावर, तोंडावर बाटली दाबली. त्या खोकायला लागल्या.

"काय हे, आजी," फवारा लाडात म्हणाला, "लेक येणार आज, जरा छान राहायला नको का?"

म्हातारी खोकत होती, डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि हा दात काढत होता. मावशीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तो गेल्यावर तिने हातातलं नवं डायपर खाटेखाली टाकलं.

"नाही बदलत," ती म्हणाली. "बघू दे दादांना काय बघायचं ते."

चारला मुलगा आला. दारातच थबकला. हातातली सफरचंदांची पिशवी त्याने दुसऱ्या हातात घेतली आणि रुमाल काढला.

"ये," मेट्रनबाई म्हणाल्या. "रुमाल ठेव खिशात आणि इकडे ये. मावशी, मला वळव आणि चादर काढ. याला बघू दे."

"आई, अगं... आधी यांना स्वच्छ करू दे ना. मी बाहेर थांबतो."

"स्वच्छ केल्यावर काय बघणार आहेस तू? सकाळी सहापासून अशीच आहे मी. दर रविवारी अशीच असते, तू यायच्या जरा आधीपर्यंत. पाठीला भोक पडलंय मला. बघ आणि मला इथून घेऊन जा."

मावशीने चादरीला हात घातला. मुलगा दोन पावलं मागे सरला. त्याचा चेहरा पांढरा पडला, रुमालाआडून एक ओकारी आली. "नको, नको, प्लीज," करत तो बाहेर पळाला. कॉरिडॉरमध्ये त्याच्या उलटीचा आवाज आला. आईच्या वासाने! जिने त्याची लंगोटं धुतली तिच्या वासाने! मावशीला वाटलं, जावं आणि तोच रुमाल त्याच्या तोंडात कोंबावा.

ती बाहेर गेली तेव्हा फवारा त्याच्या पाठीवरून हात फिरवत होता.

"कामचुकार बाई आहे, साहेब. मी आजच बघतो तिच्याकडे."

"दादा," मावशी म्हणाली, "रविवारी दोनला बदलायचंच नाही असा इथला नियम आहे. तुम्ही येणार म्हणून. सगळ्यांचंच असं होतं, कुणालाही विचारा."

"नियम?" फवाऱ्याचा आवाज अगदी मऊ होता. त्याने आत जाऊन खाटेला अडकवलेला तक्ता आणला. "हे बघा साहेब. सहाला बदललं, दोनला बदललं, साडेतीनला पुन्हा बदललं. सही कुणाची आहे ही?"

सही मावशीची होती. दिवसभराच्या सगळ्या खुणा आणि सह्या त्या दोघी सकाळी सहालाच एकदम करून टाकायच्या. रविवारी दोनचीसुद्धा. फवाऱ्यानेच तशी सवय लावली होती, नंतर वेळ मिळत नाही म्हणून. अकरा वर्षांत हात आपोआप चालायचा. आजही चालला होता. मेट्रनबाईंनी आतून सगळं ऐकलं होतं. त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. "तक्ता! मी मेट्रन असून मला तक्ता आठवू नये!"

मुलाने मावशीकडे असं बघितलं, जणू घाण तिनेच केली होती. "तुम्हाला याचेच पैसे मिळतात ना हो? एका म्हाताऱ्या बाईला असं ठेवताना तुम्हाला काहीच वाटलं नाही?" आणि पुन्हा आत न जाताच तो गेला. पिशवी दाराच्या कडीला अडकवून.

मावशीला काढलं नाही. असल्या कामाला दुसरी मिळायची कुठून? फवाऱ्याने चार शिव्या हासडल्या, आणि रविवारचा नियम होता तसाच राहिला. मात्र मुलाने ऑफिसात कळवलं की आईची ती अवस्था त्याला सहन होत नाही, त्याचं बीपी वाढतं. यापुढे दर रविवारी चारला तो व्हिडिओ कॉल करेल. फवाऱ्याला आनंदच झाला. फोनला वास येत नाही.

पुढच्या रविवारी चारला फवाऱ्याने मावशीच्या हातात फोन दिला. "तोंडासमोर धर. हसवत ठेव तिला." आणि तो दुसऱ्या खोलीत फुसफुसायला गेला.

जखम आता तळहात भरेल एवढी झाली होती. मेट्रनबाईंना दोन दिवस ताप होता. तरी सकाळपासून त्यांनी चारदा वेळ विचारली होती.

स्क्रीनवर मुलगा आला. मागे त्याच्या घरातला पांढरा सोफा. "आई! आज किती फ्रेश दिसतेस गं!"

मेट्रनबाई त्याच्याशी बोलल्याच नाहीत. "मावशी," त्या म्हणाल्या, "मला भिंतीकडे वळव. पट्टी काढ. फोन मागे धर, अगदी जवळ. आता वास नाही ना, आता बघेल तो."

मावशीने एका हाताने त्यांना वळवलं, पट्टी सोडवली आणि फोन जखमेपाशी नेला. मधोमध काहीतरी पांढुरकं दिसत होतं. स्क्रीनच्या कोपऱ्यात मुलाचं तोंड उघडं राहिलं होतं. डोळे विस्फारलेले. तीन-चार क्षण तो बघत राहिला. मग म्हणाला, "हॅलो? हॅलो आई? आवाज तुटतोय तुझा. नेटवर्क नाहीये बहुतेक. नंतर करतो हं."

कोणीच बोललं नव्हतं. आवाज तुटायला आवाज होता कुठे? फोन काळा झाला. मावशीने तो चिमटीत धरून लांब ठेवला, घाण वाटल्यासारखा.

"बघितलं त्याने?" मेट्रनबाईंनी भिंतीकडे बघत विचारलं.

खोटं बोलायचं मावशीच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण खरं खोट्यापेक्षा वाईट होतं आणि तेच तिच्या तोंडातून निघालं.

"हो," ती म्हणाली. "नीट बघितलं."

मेट्रनबाईंनी मोठा श्वास सोडला. एका आठवड्यात पहिल्यांदा त्यांचे खांदे सैल पडले.

"मग निघाला असेल," त्या म्हणाल्या. मावशी पट्टी लावायला वाकली तसा त्यांनी तिचा हात धरला. "राहू दे उघडी. तासाभरात पोचेल. डॉक्टरला घेऊनच येईल तो, पुन्हा सोडायला नको."